चिडीची जांभळी रोपं

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मला तुमची आठवण मायेनं येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

धानोऱ्याच्या अलीकडची ती रोपवाटिका, तुम्ही तिथले मुकादम, आणि सुट्टीत रोजंदारीवर मी. त्या साली वरून हुकूम आला की साग-बांबू पुरे, चीड, म्हणजे सुईसारख्या पानांचा डोंगरातला पाइन, लावून पाहा. दूर डोंगरातून बी आलं आणि नमुन्याची चार रोपं, लाकडी पेटीत, तिकडच्या मातीसकट. ती वाटेतच वाळली होती. तुम्ही पेटी वाफ्याच्या कोपऱ्यात उपडी केलीत. बी झकास उगवलं, पण दोन महिन्यांत सुया जांभळट पडू लागल्या, रोपं बोटभर होऊन थांबली. साहेब म्हणाले, स्फुरद कमी पडतंय, सुपर फॉस्फेट टाका. खत द्यायचं काम एका गोंड बाईकडे होतं, आम्हा मजूर बायांत सगळ्यात हळू बोलणारी. ती टाकते, मागून मी पाणी देते, आणि रोपं मरतच राहतात.

साहेबांनी तुम्हाला चारचौघांत झापलं. दुपारी तुम्ही तिला उभं केलंत.

"खत कुठी गेलं?"

"टाकलं न भाऊ."

"मंग तुया बांधीतला धान एवढा हिरवा काऊन हाय?"

ती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, त्या कोपऱ्यातले रोपं पाहा. पेटीतली माती पडली तिथले हिरवे हायेत. तीच माती सगळ्याईले देऊन पाहा."

तुम्ही हसलात. कोपऱ्यात गेलात, तेवढी हिरवी रोपं एकेक करून उपटलीत आणि तिच्या ओच्यात टाकलीत. "घे मास्तरीणबाई, घरी लाव!" मुळांना पांढरं सूत लागलं होतं. त्याला तुम्ही कीड म्हणालात. ती ओचा तसाच धरून फाटकाबाहेर गेली. पुढे तेंदूपान गोळा करून विकतात त्या फळीवरही तुम्ही सांगून ठेवलंत, ही चोर आहे, घेऊ नका. कोणी घेतलं नाही. मग ती दोन लेकरं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेली आणि एकच घेऊन परत आली. धाकट्याला तिकडे ताप आला होता. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही जेवत होता. तुम्ही आणखी भात मागितलात.

मी आता चंद्रपुरात माती तपासते. ते पांढरं सूत म्हणजे बुरशी, चिडीच्या मुळांवर राहणारी. तिचे धागे मुळांहून बारीक. मूळ पोचत नाही तिथे जातात, मातीत अडकलेलं स्फुरद सोडवून झाडाला देतात आणि झाडाकडून साखर घेतात. आपल्या लाल मातीत त्या सुपरमधलं स्फुरद लोहाला चिकटून बसत होतं. ते सोडवणारी बुरशी इथे नव्हती, कारण इथे चीडच कधी नव्हती. ती होती फक्त त्या पेटीच्या मातीत. ओंजळ-ओंजळ पसरली असतीत तर वाफा जगला असता. जिला दोन अक्षरं लिहिता येत नव्हती तिला हे नुसतं बघून कळलं, आणि तुम्ही त्याची शिक्षा दिलीत.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. ती आता जवळजवळ आंधळी आहे. मी सगळं समजावलं, बुरशी, स्फुरद, सगळं. माझं आख्खं शास्त्र तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी सांगतलं होतं न तुया बापाले." मग माझ्या आवाजाकडे तोंड वळवून, "आन तू? तू तं मागं पाणी देत होतीस. मी खत टाकलं, तुले दिसत होतं न?"

मी म्हटलं, "मी लहान होते, बाई."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असावं.

बाबा, मी एकोणीस वर्षांची होते.