बगळ्याचं नाणं

१४ मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद. पंचेचाळिशी ओलांडलीस तरी मोठ्या भावाकडून ते घ्यावेच लागतात, परत करायची सोय नाही. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतोय, माझ्याकडे वकिलांच्या जाड पुस्तकांची बांधणी चालू आहे आणि खळ ढवळून ढवळून खांदा धरलाय. तुझा डोळ्यांचा दवाखाना काय म्हणतो? अजून लोक शेवटची ओळ पाठ करून येतात का?

हे पत्र वहिनी उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि मी विषय बदलून मोकळा होतो. सोबत एक बाटली आहे. तिचं पुढे सांगतो.

प्रदर्शनासाठी तुझ्या नाण्याला केलेली पेटी आवडल्याचं तू तीनदा कळवलंस. आवडायलाच हवी. इतकं नीट काम मी स्वतःसाठीही कधी केलेलं नाही. कोपरे बघ, कापड कुठे फुगलेलं दिसणार नाही.

नाण्याची निवड झाली त्या बैठकीला तू नव्हतीस, म्हणून सांगतो. आपलं नाणेसंग्राहकांचं मंडळ तुला माहीतच आहे: चांदीच्या नाण्यावरचा राजा कोण हे सोडून त्याच्या कानाची पाळी कशी कोरलीय यावर भांडणारी अकरा माणसं. भिंगवाल्या अध्यक्षांनी तुझं बगळ्याचं नाणं कडेनं दोन बोटांत धरलं आणि भिंगाखाली फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "बघा, कोरणाऱ्यानं निम्म्याहून जास्त नाणं मोकळं सोडलंय. नुसतं पाणी. तीन रेषा आणि एक उचललेला पाय. एवढं न कोरायला केवढी छाती लागते."

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बहिणीला तुम्हीच शिकवलंत ना?"

मी मान हलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "नाही हो. ही नजर शिकवून येत नाही."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.

ते नाणं मुळात माझं होतं हे मी तिथं बोललो नाही. तूही कधी कुणाला सांगितलं नाहीस, आणि तेच जास्त टोचायचं. नऊ वर्षांपूर्वी माझा नाण्यांचा डबा आवरताना मी ते तुझ्याकडे सरकवलं होतं. "घे, रिकामंच आहे. कोरणारा कंटाळलेला दिसतोय." तू ते खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलंस आणि म्हणालीस, "दादा, पाणी हललं." मी वर न बघता म्हणालो, "चष्मा बदल." जगाला चष्मे देणारीला.

बैठकीहून घरी आलो तर वहिनीनं विचारलं, "काय झालं?"

"बारकीचं नाणं प्रदर्शनात मधोमध ठेवणार आहेत."

"मग तोंड का असं? दात दुखतोय की पोट?"

मी म्हणालो, खांदा.

असो. पेटीत बसवताना नाण्याला माझं बोट लागलं.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय, की तुला वाटावं चुकून लागलं. आधीचे तीन कागद फाडले, तिन्हींत हेच वाक्य होतं. आता सरळ लिहितो. बोट लागलं नाही, मी लावलं. दुपारी तीनला, भरपूर उजेडात, हातमोजा काढून बाजूला ठेवला आणि उजवा अंगठा त्या मोकळ्या पाण्यावर चांगला दाबून धरला.

दिसलं काहीच नाही. चांदीवर बोटाचा ठसा लगेच दिसत नाही, तो आठवड्यांनी काळपट होऊन वर येतो आणि मग जात नाही. हे तुला मीच शिकवलंय, पहिल्याच दिवशी, हातावर फटका देऊन. त्याच क्षणी नाणं या बाटलीतल्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं असतं तर सगळं मिटलं असतं. चिकट डाग काढायला मी ते ठेवतो. बाटली हाताच्या अंतरावर फळीवर होती. मी पेटी बंद केली आणि तुला बजावलं, "हवा लागायला नको, प्रदर्शनाच्या सकाळपर्यंत उघडू नकोस." तू उघडली नाहीस. दादानं सांगितलं होतं ना.

काल तुझ्याकडून कार्डाचा मजकूर आला, नाण्याखाली ठेवायला मी कापून द्यायचंय ते. 'बगळा. दादाच्या डब्यातून. हे नाणं मला त्यांनी दाखवलं.'

दाखवलं? मी तर नको म्हणून ढकललं होतं. वाचून डोळे भरून आले असं इथे लिहायला हवं. खरं सांगतो, आणखी जळलो. मोठं मन दाखवायलाही तूच आधी पोचलीस.

तरी ऐक. आज तीन आठवडे झालेत आणि प्रदर्शनाला आठ दिवस आहेत. हे वाचून झाल्यावर लगेच पेटी उघड. नाणं खिडकीशी तिरकं धर, तू धरतेस तसं. पाणी स्वच्छ दिसलं तर काचेच्या वाटीत बाटली ओत, गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. नाणं कडेनं धरून बुडव, थोड्या वेळानं काढ, आपोआप वाळू दे. पुसू नकोस. कितीही मोह झाला तरी पुसू नकोस.

आणि ठसा वर आलेला असेल तर काही करू नकोस, फक्त बघ. मधोमध आडवी रेघ दिसेल. तुझी शाळेची वही बांधताना अंगठ्याला सुरी लागली होती, ती खूण. तुला भिंग लागणार नाही.

कार्ड अजून कापलेलं नाही. मजकूर बदलायचा असेल तर वहिनीबरोबर पाठव. तिला यातलं काही माहीत नाही. सांगायचं की नाही, तू ठरव. तिला आधी चहा दे, गुडघ्यानं जिने चढून आलेली असेल.

खाली सही करत नाही. तीन आठवड्यांपूर्वीच करून दिली आहे, पेटीत बघ.