चौथ्या रांगेतला खोकला

१२ जून
यादी लागली. रोमानियाच्या टीममधल्या सहा मुलांत आमची स्मारांदा आहे. हुशीसारख्या गावातून आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेला जाणारी पहिली मुलगी. चार वर्षं शिकवलं कोणी? मी.
आणि संघप्रमुख कोण? होर्या! सातवीत माझ्या वहीतून प्रमेयं उतरवून घेणारा होर्या. आता बुखारेस्टला प्राध्यापक म्हणून मिरवतो.
मी संतापलो वगैरे नाही. स्पर्धेच्या समितीला फक्त पत्र लिहिलं. तीन पानी. लेतित्सिया म्हणाली, एका पानात आटप, कोणी वाचणार नाही. माझ्या बायकोला गणितातलं काही कळत नाही. पाच पानं केली.

१४ जून, सकाळी ७
निश्चय: आजपासून राग बंद. कायमचा. ब्लडप्रेशरला वाईट.

१४ जून, सकाळी ८
रेडिओवर होर्याची मुलाखत. म्हणे, मुलांना त्यांच्या पद्धतीने विचार करू द्यावा. त्यांच्या पद्धतीने! मग मास्तर कशाला ठेवलेत, फळा पुसायला?
मामालिगाची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, ताटली टेबलावर जरा जोरात ठेवली गेली. तिला आधीच तडा होता. लेतित्सिया म्हणाली, नव्हता.
निश्चय उद्यापासून.

२० जून
समितीचं उत्तर. यंदा स्पर्धा आपल्याकडेच, ब्राशोवला आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवी शिक्षकांची गरज आहे. नऊ जुलैला हजर व्हावं. पाच पानांचा परिणाम झाला तर!
स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, म्हणजे नक्की काय करायचंय तुम्ही? म्हटलं, सबंध हॉलची शिस्त माझ्या हातात आहे. त्या म्हणाल्या, पत्रात तसं कुठे दिसत नाही. काही माणसांना सगळं लिहूनच द्यावं लागतं.

२ जुलै
स्मारांदा शिबिरातून आठवड्यासाठी घरी आलीय. बोलावून घेतलं. वही पाहिली आणि डोकंच फिरलं. भूमितीचा प्रत्येक प्रश्न निर्देशकांनी सोडवलेला! अक्ष काढायचे, बिंदूंना आकडे चिकटवायचे आणि पानंच्या पानं बेरजा-गुणाकार करत सुटायचं. ही भूमिती आहे की किराणा दुकान? भूमिती म्हणजे पट्टी, कंपास आणि डोळे. हे मी पंचवीस वर्षं सांगतोय.
तिला म्हटलं, शपथ घे, स्पर्धेत निर्देशक वापरणार नाही. ती खाली बघत म्हणाली, पण सर, मला त्यांनी येतं. म्हटलं, येतं हा काही मुद्दा नाही. तर म्हणाली, बघते, सर.
बघते! चार वर्षांत मला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. हा होर्याचा गुण.
एवढ्यात तिची आई पारास्किवा चीज घातलेली प्लाचिंता घेऊन आली. बेकरीत कामाला असते बाई, हाताला अजून पीठ. म्हणाली, सर, पोरीला जरा झोपू द्या, तीन महिने धड झोपली नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, माझं ऐकत नाही. तुमचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.
हे खरं. प्लाचिंता बरी होती. तीन खाल्ल्या.

९ जुलै, ब्राशोव
अपमान. सरळसरळ अपमान.
पिवळं जाकीट दिलं. पोटावर बटण लागत नाही. पाठीवर ‘मदतनीस’. काम: मुलाने निळं कार्ड वर केलं की पाणी द्यायचं, पांढरं केलं की कागद, लाल केलं की मूल टॉयलेटपर्यंत नेऊन परत आणायचं. मला! ज्याचा लेख जिल्ह्याच्या गणित पत्रिकेत दोनदा छापून आलाय त्याला!
साहेब कोण? आंदा नावाची वीस वर्षांची पोरगी, कॉलेजात शिकते. मला म्हणते, काका, उत्तरपत्रिकांत बघायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आणि आपल्या देशाच्या मुलांच्या रांगेत जायचं नाही. काका!
मला सातवी रांग. स्मारांदा चौथ्या रांगेत.
सामान बांधून परत जाणार होतो. पण माझ्याशिवाय तिचं कसं होईल?

१० जुलै, दुपारी २
पहिला पेपर झाला. साडेचार तास, तीन प्रश्न. सविस्तर लिहितो, कारण आज मी एका मुलीचं भविष्य वाचवलं.
चौथ्या रांगेच्या मदतनीस एक रिटायर्ड बाई होत्या. त्यांना म्हटलं, माझा गुडघा दुखतो, माझ्या रांगेपासून टॉयलेट लांब आहे, बदलू या का? बिचाऱ्या लगेच उठल्या. गुडघा खरंच दुखतो. कधीकधी.
दुसरा प्रश्न भूमितीचा. टॉयलेटच्या दाराशी एका मंगोलियन मुलाची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात सोडवला. अकरा मिनिटं! एक कोनदुभाजक, एक वर्तुळ, संपलं. जाकिटाच्या खिशातल्या रुमालावर लिहून ठेवलंय.
परत आलो तर स्मारांदा काय करत होती? अक्ष! पानभर अक्ष आणि आकडे! माझ्या डोळ्यांसमोर!
मला खोकला आला. घसा खरोखरच खवखवत होता, हॉलमध्ये फार धूळ आहे. ती लिहीतच राहिली. मग पुन्हा आला. तिसऱ्यांदा जरा मोठा आला. तिने वर पाहिलं. मी पाहिलं. एवढंच. बोललो नाही, खूण केली नाही.
शहाणी मुलगी! अर्धं झालेलं पान आडवी रेघ मारून रद्द केलं, कंपास उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चार वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं. डोळे भरून आले. आंदाने विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

१० जुलै, संध्याकाळी ६
कुणीतरी तक्रार केली. रोमानियाच्या मुलीला मदतनीसाने खोकून इशारा दिला म्हणे. तीन लोकांची चौकशी समिती. मला आत बोलावलं. मी ठणकावून सांगितलं, गृहस्थहो, इथली हवा घशाला मानवत नाही. एकाने विचारलं, मग रांग का बदललीत? म्हटलं, गुडघा. त्याने लिहून घेतलं: घसा, गुडघा.
मग त्यांनी सांगितलं की इशारा सिद्ध झाला तर मुलगी स्पर्धेतून बाद.
बाद. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नियम इतके मूर्ख असतील असं कोणाला वाटेल?
स्मारांदाला वेगळं आत नेलं. वीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघता गेली. मग होर्या आत गेला. दार नीट लागलं नव्हतं, मला ऐकू आलं. म्हणाला, मी याला चाळीस वर्षं ओळखतो; राग आला की हा खोकतो, वर्गात सगळे याला खोकड म्हणायचे; याला इशारा देता आला असता तर हा कधीचाच मोठा माणूस झाला असता.
सुटलो. ती पण सुटली. होर्याने सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली, हे मी विसरणार नाही.

११ जुलै
दुसरा पेपर. मला हॉलमध्ये बंदी. मुलांच्या दप्तरांच्या खोलीवर नेमलंय. दप्तरं बोलत नाहीत, तेवढं सुख.

१३ जुलै
होर्या चहाला घेऊन गेला. मला जायचं नव्हतं. रुमाल दाखवायचा होता म्हणून गेलो.
त्याने रुमाल उलगडला, बराच वेळ बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, तिबेरिउ, प्रश्नात मध्यगा होती रे. तू कोनदुभाजक काढलायस. यातून काहीच सिद्ध होत नाही.
म्हटलं, छपाई फार बारीक होती.
तो म्हणाला, पोरीचं रद्द केलेलं पान पाहिलंस का? निर्देशकांनी दोन तृतीयांश झालं होतं. आणखी वीस मिनिटांत संपवलं असतं. मधेच का सोडलं कळत नाही. तुझ्या पद्धतीने शेवटी जमवलं तिने, पण दीड तास गेला, तिसऱ्या प्रश्नाला वेळच उरला नाही.
मी साखर मागितली. साखर आधीच घातलेली होती. तसाच प्यायलो.
परत येताना ठरवलं, होर्या खोटं बोलतोय. जळतो माझ्यावर. पहिल्यापासून.

१५ जुलै
बक्षीस समारंभ. आज रागवायला कोणी सापडत नाहीये. सकाळपासून शोधतोय. आंदा चांगली आहे. होर्यावर प्रयत्न केला, जमलं नाही.
स्मारांदाला रौप्य. सुवर्णाला एक गुण कमी पडला. एक.
बाहेर पायऱ्यांवर ती मला शोधत आली. गळ्यात पदक. म्हणाली, सर, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी खोकलात तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. म्हणून खोडलं. नंतर पाहिलं तर चुकत नव्हतं. तुम्हाला काही दिसलं होतं का?
समोर उभी होती. रागावलेली नव्हती. खरंच उत्तर हवं होतं तिला.
मी म्हणालो, सर्दी होती.
तिने सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाली, मी समितीला तेच सांगितलं. म्हटलं, आमचे सर मरतील पण परीक्षेत असलं काही करणार नाहीत.
मग पारास्किवा आली. हुशीहून रात्रभर बसने प्रवास करून आलेली, ठेवणीतला झगा घालून, डोळे रडून सुजलेले. फोटो काढायचा म्हणाली. मी बाजूला सरकलो, तर तिने दंड धरून मला मधोमध उभं केलं आणि मुलीचं पदक माझ्या हातात दिलं. म्हणाली, धरा, सर. हे तुमच्यामुळे.
मी म्हणालो, नाही हो.
ती म्हणाली, नाही कसं? तुमच्यामुळेच. पोरगी तुमच्या शब्दाबाहेर नाही.
फोटो काढणारे म्हणाले, हसा. खोकला आला. स्मारांदा चटकन माझ्याकडे बघायला लागली. फोटोत तशीच आलीय.