उद्या लख्ख ऊन

प्रिय फाल्टिन,

पायाचं प्लास्टर निघालं का? इस्पितळातलं जेवण अळणी असलं तरी ताटात टाकू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. ईस्टर आला तरी बर्फ थांबत नाही, तोही ओला आणि जड. फोनची तार तुटलीय, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे.

काल दुपारी आपली सरपणाची खोली बर्फाखाली गेली. घाबरू नकोस, आत कोणी नव्हतं. डोंगरावरून थोडा बर्फ घसरला, एवढंच.

रेडिओने उद्या लख्ख ऊन सांगितलंय. ऐकून आपल्याकडे स्कीसाठी उतरलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्की-लिफ्टच्या मॅनेजरला, गाब्लला म्हटलं, "उन्हाने वरचा सगळा बर्फ सुटेल. उद्या स्कीचा उतार बंद ठेव."

"बुर्गी, नवऱ्याचा पाय मोडल्यापासून तुला जिथे तिथे संकटच दिसतं," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

तुझ्या बाबांना म्हटलं, खाली माझ्या बहिणीकडे चला. "या घरात जन्मलोय मी. बर्फाला भिऊन कधी..." असं म्हणत ते खिडकीशी गेले. बराच वेळ वर डोंगराकडे बघत राहिले, मग बूट शोधायला लागले. तेव्हा मात्र मी लगेच सामान बांधायला घेतलं.

आम्ही याच बसने निघतोय. पाहुण्यांना परत परत विनवलं, पण एकही उठला नाही. अंगणात बसून स्कीला मेण चोळताहेत, आणि आकाश निळं होत चाललंय.

स्वतःला जप.

तुझीच,
बुर्गी