न्हाय

रविवार, संध्याकाळ

आमचा रॉक बँड मोडल्यावर आज पहिल्यांदाच समीरचा फोन. "ड्रम वाजवतोस की न्हाय अजून?" म्हणाला. न्हाय म्हणाला, चक्क. हा माणूस.

त्याच शब्दावर तर बँड उभा होता. आमच्या गाण्यात समीर माइकवरनं विचारायचा, "दमलासा काय?" आणि अख्खं मैदान ओरडायचं, "न्हाय." सांगली, बेळगाव, सगळीकडं लोक तेवढं ओरडायला यायचे. मग मुंबईच्या एका कंपनीनं रेकॉर्डिंगला बोलावलं, आणि यानं आम्हाला न विचारता तिथं त्या गाण्यात न्हायच्या जागी 'नाही' गायलं. म्हणे, न्हाय गावंढळ वाटतंय. पुढच्या कार्यक्रमात त्यानं तसंच गायलं आणि मैदान गप्प. गप्प मैदानासमोर ड्रम बडवून बघावं एकदा. वर्षभरात सगळं संपलं. तो मुंबईत राहिला, मी शिरोलीच्या फाउंड्रीत लागलो.

एका शब्दाचा एवढा राग अजून का धरलाय मी? धरलाय खरा.

आता म्हणतो, गावाकडच्या भाषेला सध्या मागणी हाय, परत एकत्र येऊया, जुनाच शब्द ठेवू. "येतोयस न्हवं?"

"नाही," म्हटलं.

त्याला नीट कळावं म्हणून शुद्ध बोललो.