शिकागो ते हैदराबाद

चाकूर, येळवशीची (वेळ अमावस्येची) संध्याकाळ

दादाचं विमान कुठवर आलं, हे आई कालपासून विचारायली होती. मी मोबाइलवर दाखवत राहिलो. शिकागो ते हैदराबाद, तेरा हजार किलोमीटर, बावीस तास. आज शेतात पूजा झाली, तरी ताक-ज्वारीच्या अंबिलीच्या मडक्याला तिनं कुणाला हात लावू दिला न्हाई. पहिला गलास दादाचा.

दुपारी त्याचा फोन आला. "आई, हैदराबादला उतरलो. पण चाकूरपर्यंत गाडीनं अजून पाच तास. लई थकलोय, मीटिंग करून इथूनच परत जातो."

"दमलं असंल लेकरू," आई म्हणाली.

ती पुढं घरी गेली; भरलं मडकं डोक्यावर घेऊन मागनं मीच शेतातून चालत परत आलो. मान अवघडली. दारात आईनं विचारलं,

"सांडली तर न्हाई ना?"