सातजणी, सगळ्या सोबतीला

ती. वहिनींना,

धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला? (स्वभाव कसा आहे ते विचारत नाही, माहीत आहे.)

तुमचं पत्र पोचलं. छातीच्या तपासणीला जाणार नाही, कारण आपल्या घराण्यात कॅन्सर कुणालाच झालेला नाही, असं तुम्ही लिहिलंत. वहिनी, घराणं आमचं. तुम्ही त्यात लग्न होऊन आलात. दागिने मिळाले असतील, रक्त कुठून मिळणार?

आमच्या शर्टांच्या कारखान्यात मागच्या महिन्यात तपासणीची गाडी आली होती. एरवी आम्ही दिवसभर ‘छाती अडतीस, छाती बेचाळीस’ असं भर खात्यात ओरडत असतो, पण छातीच्या तपासणीची सूचना लागली आणि सगळ्यांचे आवाज बसले. काजं करणारी म्हणाली, तिला काही दुखत नाही, पण इस्त्रीवालीला सोबत म्हणून येईल. इस्त्रीवाली शपथेवर सांगू लागली की ती माझ्यासाठी येतेय. मी अर्थातच काजंवालीसाठी निघाले होते (दिवसाला तीनशे शर्ट तपासणारीला कोण तपासणार?). अशा सातजणी गाडीपाशी पोचलो. नर्सने वही उघडली. सोबत आलेल्यांच्या रकान्यात सात नावं भरली आणि तपासणीचा रकाना कोराच राहिला.

तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कुणाच्या घरात आधी हा आजार होता का? नाही म्हणताना आमच्या माना अशा ताठ, जणू आम्हीच बंदोबस्त केला होता. ती शांतपणे म्हणाली, “ज्यांना होतो, त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो. आणि सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतही नाही.”

मागून कुणाचा तरी कोपर लागला आणि मी पायरी चढले (शौर्य गाजवतात ते बहुधा असंच असावं). यंत्र दाबतं, जरा कळ येते, पण तुमच्या धाकट्याने दारात माझं बोट चेंगरलं होतं त्याहून कमीच. दहा मिनिटांत बाहेर. माझ्यामागून उरलेल्या सहाही गेल्या. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, एवढंच कळवायचं होतं.

तुमची,
नणंद

ता. क. मुलांना आशीर्वाद.

आणखी ता. क. सहाजणींचे कागद चांगले आले. मला मोठ्या दवाखान्यात पुन्हा बोलावलंय, आणखी फोटो काढायचेत. पुष्कळांचं पुढे काही निघत नाही म्हणे. तरी वहिनी, मी घाबरले आहे. काजंवाली येते म्हणतेय, पण मला तुम्ही हव्यात. गुरुवारी दहाला. दादाला सांगू नका, तो आधी रडेल आणि समजूत मला काढावी लागेल.

शेवटचं. साडेदहाला तुमचंही नाव घातलंय. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागवा.