संकेतस्थळावर वारलेले मामंजी

गुरुवार, दि. १४

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

मंगळवारी घरी आलं ते असं: फुलांची चक्रं तीन, पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ एक, आणि शेजारच्या औषधवाल्याकडून थर्मासभर चहा. एका चक्राची आणणावळ पाठवणाऱ्याने भरलीच नव्हती. ती मी वाणसामानाच्या पैशांतून दिली आणि कुठल्या खाती टाकावी ते न कळून 'किरकोळ'मध्ये लिहिली.

घाबरू नका. मामंजी आहेत. देवाच्या कृपेने ताप उतरला, सकाळी दूधपाव खाल्ला. ते वारले ते फक्त आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या संकेतस्थळावर. आमच्या नंबरचा फोन तुम्ही उचलत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे तुम्हाला कळू नये, म्हणून पत्र. घरात सांगून लिहीत नाही.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या वेबवाल्याला बोलावून घेतलं. तो म्हणतो, संकेतस्थळाच्या दोन प्रती असतात. एक खरी, लोकांना दिसते ती. दुसरी सरावाची, तिच्यात काय वाटेल ते करून बघावं आणि जमलं की एका बटणाने सगळी खरीवर चढवावी. सोमवारी त्याने फ्रेमांची नवी चित्रं लावली आणि बटण दाबलं. सरावाच्या प्रतीत आणखी काय पडलंय ते पाहिलं नाही. तिथे मामंजींच्या निधनाचं पान फोटोसकट तयार होतं. तेही चढलं. वर नवं पान आलं की झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना आपोआप मेल जायची सोय आहे, तिनेही मुकाट्याने आपलं काम केलं. सोय म्हणे. माणूस जिवंत आहे का, एवढं विचारायची सोय तेवढी कोणाला सुचली नाही.

पानाच्या तळाशी काय होतं सांगू? 'त्यांच्या स्मरणार्थ महिनाभर सर्व फ्रेमवर दहा टक्के सूट.' मी फोन पालथा ठेवला. देवापाशी जाऊन बसले, तरी तोंडाची कडू चव जाईना.

इथवर सगळं वेबवाल्याच्या माथी मारून मी एक पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. कारण खुर्चीवर मांडी घालून बसलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "पान मी नाही लिहिलं, वहिनी. कसं दिसेल ते बघायचं बटण वेगळं असतं. साहेबांनी ते सोडून 'प्रसिद्ध करा' दाबलं. सरावाचीच तर प्रत आहे म्हणून."

साहेब म्हणजे तुमचे बंधू. मामंजी दवाखान्यात होते त्या आठवड्यात यांनी बसून लिहिलं. विचारलं तर म्हणतात, ऐनवेळी धावपळ नको. तूही डाळतांदूळ आधीच भरून ठेवतेस ना? वन्सं, यांच्या उष्ट्या ताटालाही मी कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी यांच्या हातचं पाणी घ्यावंसं वाटेना.

मामंजींपासून लपवायचं ठरलं होतं, पण चक्रं आत येताना त्यांनीच पाहिली. फोन मागून घेतला, हातभर लांब धरला, मग चष्मा बदलला. दहा टक्क्यांच्या ओळीपाशी पोचल्यावर हसले. म्हणाले, जिवंतपणी मी पाच टक्क्यांवर कधी गेलो नाही, मेल्यावर फारच उदार झालो की. सगळे हसले. वाटलं, घोर टळला.

मग बोटाने पान वर सरकवून त्यांनी एक ओळ मोठ्याने वाचली. 'त्यांच्या मागे मुलगा, सून व नातवंडे असा परिवार आहे.'

"आणि मुलगी?"

हे म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, तिचं नाव या घरात काढायचं नाही."

"ते माझ्या जिवंतपणीचं," मामंजी म्हणाले. "मेल्यावरचं कोणी सांगितलं तुला?"

तुमच्या लग्नानंतर त्यांच्या तोंडून तुमचा विषय मी पहिल्यांदा ऐकला.

पान लगेच उतरवलं. यांना ते सरावाच्या प्रतीतूनही पुसायचं होतं. मामंजींनी अडवलं. राहू दे, लागणारच आहे, पण ती ओळ नीट करा आणि मला दाखवा. वेबवाल्याने पान मसुद्यात ठेवून त्याला कुलूप घातलं. आता मामंजींनी मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय ते कोणाला दिसणार नाही. म्हणजे त्यांच्या परवानगीवाचून त्यांना वारता येणार नाही, असं मी म्हटलं, तर हे चिडले.

ओळ नीट करायला हे बसले आणि तुमच्या नावापाशी अडले. माहेरचं आडनाव लिहायचं की सासरचं? सासरचं यांना अजून घेववत नाही. मामंजींना विचारलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिलाच विचारा. मी कोण सांगणारा?" आज सकाळी मात्र मला हळूच विचारलं, कोपऱ्यावरची टपालपेटी किती वाजता उघडतात?

वर ताप उतरला लिहिलं ते खरं आहे. पण डॉक्टर पुढच्या महिन्याचं काही बोलत नाहीत, तेही लिहायला हवं.

तेव्हा नाव कसं लिहायचं ते उलट टपाली कळवा. टपालाला वेळ लागेल असं वाटलं, तर स्वतः या आणि त्यांच्यासमोर सांगा. तोवर ती ओळ रिकामी ठेवली आहे.

त्या पानावर 'सून' एवढ्यात मावलेली,
तुमची भावजय